निघत्या माणसाला विचारू नये

दुपारचा चहा झाला की गजाभाऊंच्या पायाला भिंगरी लागायची. कप खाली ठेवायचा अवकाश, खुंटीवरची पिशवी खांद्याला आणि माणूस ओट्यावरून खाली. पिशवीत एक पंचा, एक जुना निळा कोट आणि त्या दिवशी हाताला लागेल ते. एकदा अंबूबाईंचं लाटणं गेलं, एकदा टीव्हीचा रिमोट. वय सत्त्याऐंशी, गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, पण चाल अशी की मागून येणाऱ्याला धाप लागावी.

“अवो, थांबा की जरा,” अंबूबाई मागून ओरडायच्या.

“गाडी चुकंल,” ते मागे न बघता म्हणायचे.

गाडी म्हणजे कॅम्पला जाणारी गाडी. गजाभाऊंच्या डोक्यात अजून सगळं जागच्या जागी होतं. मुंबईतली गिरणी, गिरणीचा फुटबॉल संघ, कुपरेजचं मैदान, भारताच्या संघाचा कॅम्प. या सगळ्याला साठ वर्षं उलटून गेली, गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली आणि संघातले बहुतेक गडी वर गेले, एवढीच बातमी तिथे पोचली नव्हती. कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा विसरण्याचा आजार आहे, आता लक्ष ठेवणं हेच औषध.

लक्ष ठेवा म्हणून सांगायला डॉक्टरांचं काय जातं! अंबूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. चुलीवर भाकरी असली तरी कान फाटकाच्या कडीकडे. वालाच्या शेंगा सोलायला बसल्या तरी दर दोन शेंगांनी मान वर. कडी वाजली की उठायचं, नाही वाजली तर का वाजली नाही म्हणून उठायचं. दोन महिन्यांत त्यांनी एक काम धड पुरं केलं नव्हतं. भाकऱ्या करपत होत्या, दूध उतू जात होतं आणि जीव सारखा टांगणीला.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला, सरळ विचारावं की बाबा कुठे निघालास, आणि समजूत घालावी. पण नेमकं तेवढंच अंबूबाईंना जमत नव्हतं. घराबाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारायचं नसतं. विचारलं की काम फिसकटतं. तुम्ही हसाल, हसा. पण चप्पल पायात सरकवताना कुणी ‘कुठं?’ म्हटलं तर भले भले शिकलेले लोक मनात चरफडतात, घोटभर पाणी पितात आणि नव्यानं निघतात. अंबूबाईंनी उभ्या जन्मात निघत्या नवऱ्याला एकदाच ‘कुठं’ विचारलं होतं. त्यानंतर जे घडलं ते पेपरात छापून आलं होतं.

गजानन ठोंबरे हा पळसदरीच्या भातकऱ्याचा मुलगा. कापणी झाली की गावची पोरं कोरड्या खाचरात फुटबॉल खेळायची. बॉल कर्जतच्या रेल्वेवाल्यांनी टाकून दिलेला, आत चिंध्या कोंबलेल्या. खाचराला चारी बाजूंनी बांध, त्यामुळे तिथे बॉल बाहेर जायचा प्रश्नच नाही. समोर कुणी आडवा आला की बॉल बांधावर हाणायचा, आपण त्याला वळसा घालून पुढे पळायचं आणि बांधाला लागून परत आलेला बॉल पायावर घ्यायचा. यात गजाचा हात, म्हणजे पाय, धरणारा कुणी नव्हता. कुठल्या बांधाची माती भुसभुशीत, कुठे दगड लागतो, बॉल कुठून कसा उसळेल, सगळं त्याच्या पायांना पाठ.

कर्जतला एका सामन्यात मुंबईच्या एका गिरणीच्या साहेबानं त्याला पाहिलं आणि उचललं. नोकरी गिरणीत, काम फुटबॉलचं. आयुष्यात पहिल्यांदा पायात बूट आले तेव्हा महिनाभर तो बदकासारखा फेंगडा चालत होता. पण डाव्या बाजूला लेफ्ट हाफला उभा राहिला की बॉल त्याला सोडून जायचा नाही. चार वर्षांत त्याचं नाव भारताच्या संघात आलं, आणि ते पेपरात वाचून पळसदरीच्या लोकांनी स्टेशनवर गुलाल उधळला.

मधल्या काळात त्याचं लग्न झालं. अंबू खालापूरकडची, वय सोळा. अंगाची हळद पुरती उतरली नाही तोच नवरा कॅम्पला गेला. मग तेच सुरू झालं. दोन दिवस घरी, महिनाभर बाहेर. कलकत्ता, हैदराबाद, रंगून. गावचे बाप्ये खास गाडी धरून मुंबईला गजाची मॅच बघायला जायचे आणि परत येऊन पारावर पाय हलवून हलवून सांगायचे. बायकांनी मॅचला जायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. अंबू पाण्याला जाताना पारापाशी उगाच पाय रेंगाळवायची आणि कानावर पडेल तेवढं घागरीबरोबर घरी आणायची.

तिची सासू आनंदीबाई. बाई प्रेमळ होती, पण शिस्त म्हणजे शिस्त. मुलगा निघाला की त्याच्या हातावर दही, सुनेनं दाराआड उभं राहायचं आणि तोंड बंद. “निघत्या मान्साला इचारू नये,” हे तिनं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

मग तो दिवस आला. मलायात, म्हणजे आताच्या मलेशियात, मोठी स्पर्धा होती. गजाला संघाचा नवा निळा कोट मिळाला होता. उंबऱ्यात उभा राहिला तो असा काही दिसत होता की अंबूचं भान गेलं. दाराआडून ती पुढे आली आणि तिच्या तोंडून निसटलं, “कुठं हाय वो ते गाव?”

आनंदीबाईच्या हातातली दह्याची वाटी खाली. “आगं भवाने! निघता निघता कुठं बोललीस?” मग जो आरडाओरडा झाला त्यात गजा हसून काहीतरी म्हणाला ते अंबूला ऐकूच आलं नाही. त्याला परत आत बसवलं, पाणी पाजलं, नवं दही दिलं आणि तो गेला.

मॅचचं पुढे सगळ्या गावाला पाठ झालं. एक-एक गोल अशी बरोबरी होती, दोन-चार मिनिटं उरली होती. गजाच्या पायात बॉल, समोरून एक धिप्पाड गडी चालून आला. गजानं जे लहानपणापासून केलं तेच केलं. बॉल डावीकडे हाणला, गड्याला सुरेख वळसा घातला आणि बॉल परत यायची वाट बघत उभा राहिला. तिथे बांध कुठला यायला! चुन्याची पांढरी रेघ. बॉल रेघेपलीकडे गेला, समोरच्या संघानं तो झटक्यात आत फेकला आणि गोल झाला. गजा तेव्हाही रेघेकडेच बघत होता. लेफ्ट हाफनं बॉल हकनाक बाहेर घालवला, असं पेपरांनी लिहिलं. भारताच्या संघात त्याचं नाव पुन्हा लागलं नाही.

“हिनं इचारलंन,” आनंदीबाई म्हणाली. त्या दिवशी म्हणाली आणि मरेपर्यंत अधूनमधून म्हणत राहिली.

गजानं बायकोला कधी शब्दानं दुखवलं नाही, पण शब्दानं समजावलंही नाही. अंबूनं तोंडाला जी कडी लावली ती लावलीच. कुठं हे तर नाहीच, पण कसं, कधी, का, हेसुद्धा तिनं परत विचारलं नाही. तो शनिवारी गिरणीतून यायचा, सोमवारी जायचा. पुढे गिरणी बंद पडली आणि तो कायमचा गावी येऊन भातात उतरला. दोघं बोलायचे ते भाताच्या राबाचं, वालाचं, म्हशीच्या दुधाचं. चहाच्या टपरीवर ‘गजाचा बांध’ हा विनोद झाला होता. कुणाचं काम फसलं की लोक म्हणायचे, याला बांध मिळाला नाय. गजाभाऊ त्यात स्वतः हसायचे. अंबूबाईंना मात्र त्या टपरीवरून जाताना मान वर करवत नव्हती. आपल्या एका शब्दानं या माणसाचं सोनं मातीत गेलं, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि आता हा माणूस रोज दुपारी त्याच मॅचला निघत होता.

बहुतेक वेळा तो स्टेशनपर्यंतच जायचा आणि कुणीतरी ओळखीचं हाताला धरून परत आणायचं. पण एका सोमवारी त्याला रस्त्यात एक टेंपो भेटला. टेंपोवाल्याला वाटलं, म्हातारबाबा खालापूरला कचेरीत चालले असतील. संध्याकाळी पोलिसांचा फोन आला तो एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्यावरून. गजाभाऊ ट्रकांच्या रांगेत शिरून एकेका ड्रायव्हरला विचारत होते की टीमची बस गेली का.

योगेंद्र, त्यांचा मुलगा, साजगावच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. तो टोलनाक्यावरून बापाला घेऊन आला.

“आई, आता बास. येत्या रविवारी मी बाबांना साजगावला नेतो. तूही चल. तिसरा मजला आहे, दाराला ग्रिल आहे, कुलूप लावलं की काळजी नाही.”

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं, हे अंबूबाईंनाही कळत होतं. एकीकडे रेल्वेचे रूळ, दुसरीकडे ट्रक, आणि मधे हा पायाला भिंगरी लागलेला माणूस. पण गेल्या दिवाळीत दोघं दोन दिवस साजगावला राहिले होते ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. गजाभाऊ दोन्ही दिवस ग्रिलला दोन हात धरून उभे होते. जेवायला बोलावलं तर मान हलवायचे, पाणीसुद्धा उभ्यानं प्यायले. तिथे नेलं तर हे पावसाळा बघायचे नाहीत, हे अंबूबाईंना लख्ख दिसत होतं. रविवार आणि कुलूप, यापलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं. रात्री कूस बदलायची, दिवसा जागा बदलायची, एवढंच चाललं होतं.

त्या आठवड्यात त्यांनी सगळं करून पाहिलं. पिशवी लपवली तर गजाभाऊंनी उशीचा अभ्रा खांद्याला लावला. शुक्रवारी दाराला बाहेरून कडी घातली, तर आतून दारावर मुठी बसायला लागल्या आणि मग नुसतं रडणं ऐकू आलं. एवढा मोठा माणूस पोरासारखा रडत होता. अंबूबाईंनी कडी काढली आणि स्वतः ओट्यावर मटकन बसल्या. त्या दिवशी स्टेशनवरून गजाभाऊंना शेजारच्यांनी आणलं.

शनिवारी चहा झाला. गजाभाऊ उठले, पिशवी घेतली आणि निघाले. अंबूबाई ओरडायला उठल्या आणि एकदम त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. सगळा जन्म हा माणूस निघतो आहे आणि सगळा जन्म मी दाराआड उभी आहे! उद्या तर नेणारच आहेत. मग आज कशाला अडवू? त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, चपला पायात घातल्या, पदर खोचला आणि फाटकाबाहेर पडल्या.

गजाभाऊ पुढे, अंबूबाई मागे. तिठ्याशी त्यांनी नवऱ्याला गाठलं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, कुणीतरी वाटेची सोबत आहे एवढं मनाशी घेतलं आणि पाऊल जरा हळू केलं. दोन्ही बाजूंना वालाची खाचरं होती, पुढे धरणाकडच्या रस्त्याला मुंबईवाल्यांचे बंगले. अंबूबाईंना धाप लागली होती, गुडघे बोलत होते, पण कितीतरी दिवसांनी फाटकाच्या कडीचा विचार डोक्यात नव्हता.

एका बंगल्याच्या मागून बॉल हाणल्याचा आवाज आला. गजाभाऊ जागच्या जागी थांबले.

“सुरू झाली पन,” ते म्हणाले आणि स्टेशनची वाट सोडून आवाजाकडे वळले.

फाटकावर जैतू बसला होता. तो डोंगराखालच्या ठाकरवाडीचा, इथे राखणीला. गजाभाऊंना त्यानंच दोन-तीनदा स्टेशनवरून घरी आणलं होतं. “आजी, आज दोघंबी?” त्यानं विचारलं.

“आज दोघंबी,” अंबूबाई म्हणाल्या. “जरा बसू दे रं यांना आत.”

आत हिरव्या गालिच्याचं छोटं मैदान होतं. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना खेळायला केलेलं. चारी बाजूंनी गुडघाभर उंच फळ्या, वर जाळी. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातले दहा-बारा जण तिथे धापा टाकत खेळत होते, निम्म्यांची पोटं त्यांच्या पुढे पळत होती. बॉल जाळीच्या उघड्या दारातून बाहेर यांच्या पायाशी आला. गजाभाऊंनी पिशवी अंबूबाईंच्या हातात दिली, चपला काढल्या आणि बॉल पायानं ओढत मैदानात शिरले.

“अरे काका, या या!” कुणीतरी हसून म्हणालं. एक उंच मुलगा म्हाताऱ्याची गंमत म्हणून हात पसरून आडवा आला. गजाभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या पायानं बॉल फळीवर हाणला, मुलाच्या उजव्या अंगानं दोन वाकडी पावलं टाकली, आणि फळीला लागून फिरलेला बॉल येऊन त्यांच्या पायाशी थांबला. मुलगा अजून बॉल कुठे गेला ते शोधत होता.

मग दुसरा आला, मग तिसरा. आता कुणी गंमत करत नव्हतं, खरोखर बॉल काढून घ्यायला येत होते. गजाभाऊ पळत नव्हते, पळणं शक्यच नव्हतं. पण बॉल फळीकडे जायचा आणि ते जिथे असतील तिथे परत यायचा. त्यांच्या तोंडावर असं काही होतं जे अंबूबाईंनी साठ वर्षांत घरात पाहिलं नव्हतं. त्या जाळी धरून उभ्या होत्या. असा आहे होय हा माणूस! कलकत्त्यानं पाहिला, रंगूननं पाहिला, पारावरच्या रिकामटेकड्यांनी गाडी धरून जाऊन पाहिला, आणि मी, याचं पोर पोटात वाढवलं ती, आज पाहते आहे! त्यांना त्या सगळ्या परक्या लोकांचा हेवा वाटला, आणि आनंद इतका झाला की जाळीत बोटं रुतली ते कळलं नाही.

थोड्या वेळानं गजाभाऊंना दम लागला. पोरांनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा खेळायला गेली. जैतूनं पाण्याची बाटली आणून दिली. अंबूबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. गजाभाऊंनी पाणी पिऊन त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“तुमी मॅच बघायला आलाव?” त्यांनी आदबीनं विचारलं. परक्या बाईला विचारावं तसं.

अंबूबाईंनी पिशवी मांडीवर धरली. त्या म्हणाल्या, “हां. बघायला आले.”

“कुठल्या?”

“पळसदरीची.”

“आमची मंडळी बी पळसदरीलाच,” गजाभाऊ खूश झाले.

“मंग तिला नाय आनलं?”

गजाभाऊ मैदानाकडे बघत राहिले. “ती इचारीत नाय,” ते म्हणाले. “मी निघतो, ती दाराआड हुबी. मला वाटतं, आता इचारंल, कुठं चाललाव, कुनासंगं खेळताव. नाय इचारीत. तिला आवडत नसंल खेळ. शेतकऱ्याची पोर, तिला काय त्याचं.” मग ते एकदम हसले. “एकदा इचारलंन पन! मलायाला निघालो तवा. कुठं हाय वो ते गाव, आसं बोलली. आई लय वराडली. पन मी इमानात बसलो तरी हसतोय. आमचा गोलकीपर बोलला, काय रं गजा, काय झालं? मी बोललो, आज घरवालीनं इचारलंन.”

साठ वर्षं जे अंबूबाईंच्या जिभेवर आलं नव्हतं ते आता आपोआप आलं. “आनि तिच्या इचारन्यानं मॅच गेली ना तुमची?”

गजाभाऊंनी त्यांच्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. “इचारून मॅच जाते व्हय कुठं? बांध नव्हता तिथं. मी आपला खाचरातल्यावानी मारला. माझीच खोड ती.”

“मंग हे तिला का नाय सांगितलंत?”

“तिनं परत इचारलंच नाय.”

अंबूबाईंना रडू आलं नाही, संताप आला. सासूचा आला, ती केव्हाच राख होऊन गेली तरी आला. स्वतःचा आला. आणि सगळ्यात जास्त आला तो या शेजारी बसलेल्या, पाणी पिऊन मिशी पुसणाऱ्या माणसाचा. एक वाक्य! एक वाक्य बोलायला याचं काय जात होतं? आणि मला एक शब्द विचारायला? एका घरात, ताटाला ताट लावून दोन माणसं जेवली आणि दोघंही एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत म्हातारी झाली. त्यांना वाटलं, पिशवी याच्या डोक्यात घालावी. पण त्यांनी पंचा काढून त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, हात धरला आणि दोघं अंधार पडायच्या आत घरी आले.

रविवारी सकाळीच योगेंद्रची गाडी फाटकाशी लागली. बरोबर त्याची बायको विनिता, तिनं सासू-सासऱ्यांसाठी खोली आवरून नव्या चादरी घातल्या होत्या. वाईट कुणीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

“नाय न्यायचं त्यांना,” अंबूबाई म्हणाल्या.

“आई, सोमवारी ट्रकखाली आले असते ते. मग काय केलं असतंस तू?” योगेंद्रचा आवाज चढला आणि लगेच फुटला. “मला झोप येत नाही ग. फोन वाजला की छातीत धस्स होतं.”

आपल्यासारखंच याचंही चाललं आहे, हे अंबूबाईंना आजच दिसलं. त्या मुकाट्यानं बाजूला झाल्या.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे गजाभाऊ नाही म्हणालेच नाहीत. दारात गाडी बघून त्यांचा चेहरा उजळला. कॅम्पची गाडी आली होती! त्यांनी पिशवी घेतली, निळा कोट अंगात चढवला आणि पुढच्या सीटवर जाऊन ताठ बसले. विनितानं पट्टा लावून दिला.

“बघ आई, आपणहून बसले,” योगेंद्र हलक्या आवाजात म्हणाला. “तू आवर, आम्ही संध्याकाळी तुला न्यायला येतो.”

गाडी सुरू झाली. अंबूबाई सवयीनं दाराआड जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. विचारल्यानं मॅच हरत नाही, हे त्यांना काल कळलं होतं. विचारल्यानं माणूस थांबतो का, हे अजून करून बघायचं राहिलं होतं. त्या ओटा उतरून थेट गाडीच्या काचेशी गेल्या आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“अवो! कुठं निघालाव?”

“अग बाई!” विनिताच्या तोंडून निघालं.

“आई! निघताना कुठं काय विचारतेस!” योगेंद्र म्हणाला. सातशे माणसांच्या कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज, पण त्याचा गिअरवरचा हात आपोआप मागे आला आणि त्यानं गाडी बंद केली.

गजाभाऊ मात्र काचेतून बघत होते. त्यांचे डोळे मोठे झाले. “इचारलंस?” ते म्हणाले.

“इचारलं. कुठं निघालाव?”

त्यांनी सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, पण गावाचं नाव येईना. त्यांनी कपाळावर हात घासला, पिशवीत पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. चेहरा गोंधळला, घाबराही झाला. “सांगतो,” ते पट्ट्याशी झोंबत म्हणाले. “उतरून सांगतो. थांब तू, जाऊ नको.”

“मी कुठं जातेय,” अंबूबाई म्हणाल्या आणि त्यांनीच दार उघडलं. पट्टा विनितानं सोडवला.

गजाभाऊ उतरले आणि ओट्यावर बसले. अंबूबाई त्यांच्या शेजारी बसल्या, दाराआड नाही, भर ओट्यावर. योगेंद्र हातात किल्ली घेऊन समोर उभा राहिला.

“आई, हे असं रोज चालायचं नाही.”

“रोजच चालनार,” अंबूबाई म्हणाल्या. “ते निघालं की मी संगं निघनार. जैतूच्या तिथवर जाऊ, दमलं की परत येऊ. ज्या दिवशी माझे पाय चालायचे नाईत त्या दिवशी ने, दोघांनाबी ने. तवर कुलूप नको.”

योगेंद्रनं हातातली किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, “महिनाभर बघू. आणि शिफ्ट संपली की मी येऊन बघून जाणार.” त्यानं पिशवी बापाच्या खांद्यावरून काढून खुंटीला लावली. विनिता चहा टाकायला आत गेली.

गजाभाऊंचं अजून नाव शोधणं चाललं होतं. “लांब हाय,” ते पुटपुटले. “समुद्राच्या पल्याड. नाव येतंय तोंडावर.”

“येऊ दे सावकाश,” अंबूबाई म्हणाल्या. मग जरा सरकून बसल्या. “तिथं जेवायला काय देत व्हते वो तुमाला?”

गजाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. “भातच गं,” ते म्हणाले, “पन आपल्यासारखा नाय.”